दिवा लागतो, दिवा जातो

दिवा लागला की दानेश्वरीला आता हायसे वाटत नसे. उलट मनात पाल चुकचुके.

लॅपटॉपच्या डाव्या कडेला, चार्जरची पिन ज्या छिद्रात शिरते त्याच्या शेजारी, मोहरीच्या दाण्याएवढा तो दिवा होता. पिन बसली, वीज आत जाऊ लागली, की तो लागायचा. निदान लागायला हवा होता. गेल्या काही आठवड्यांत मात्र तो पढवलेल्या साक्षीदारासारखा वागू लागला होता. सकाळी लख्ख, दुपारी मुका. पिन वर उचलून धरली की कबूल, हात काढला की नाकबूल. आणि यंत्राची बॅटरी इतकी थकलेली, की दिवा गेल्यावर ते जेमतेम तग धरी आणि मग, बोलता बोलता उठून गेलेल्या माणसासारखे, वाक्य अर्धे टाकून काळे होई.

पुण्याच्या एका कंपनीने तो लॅपटॉप कुरिअरने तिच्या हाती सोपवला होता. कन्नड शाळांसाठी रचलेले विज्ञानाचे धडे मराठीत आणायचे, हे तिचे काम. घरात कन्नड आणि शाळेत मराठी अशा दोन पाण्यांवर वाढलेल्या मुलीला याहून मनाजोगते काय मिळणार होते? जुळे सोलापुरातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, हॉलच्या खिडकीशी टेबल मांडून ती बसे, आणि लग्नानंतर प्रथमच दिवसाचा एक तुकडा तिच्या एकटीच्या मालकीचा होई. पण नेमणूक अजून कच्ची होती. ती पक्की व्हायची की नाही हे येत्या शुक्रवारी ठरणार होते. त्या दिवशी कंपनीच्या वरिष्ठांसमोर तिला पडद्यावरून एक अख्खा धडा सादर करायचा होता. आणि आजवर दोनदा, भर बैठकीत, तिचा चेहरा विझला होता.

"तुझं काम छानच आहे गं," पुण्याहून रुपालीने, तिच्या वरिष्ठ सहकारिणीने, फोनवर सांगितले होते. "पण वरचे लोक म्हणतात, ही मुलगी मध्येच गायब होते. शुक्रवारीही तसं झालं तर माझ्या हातात काही राहणार नाही."

दानेश्वरीने मग यंत्राची झडती सुरू केली. हॉलमधला सॉकेट सोडून स्वयंपाकघरातला धरला, दिवा तसाच. शेजारणीचा चार्जर मागून आणला; दिवा तसाच. भिंत निर्दोष, चार्जर निर्दोष. उरले यंत्र. आणि उरली घरातली माणसे.

नवरा नंदीश औषध कंपनीचा प्रतिनिधी. आठवड्यातले निम्मे दिवस त्याची मोटारसायकल सांगोला-नातेपुत्याच्या रस्त्यावर. तिची ही खुडबूड पाहून त्याला गंमत वाटे.

"काय म्हणतोय रुग्ण, डॉक्टरीणबाई?"

"तुम्ही माझ्या चार्जरवर फोन लावता का?"

"घ्या! आता आमच्यावर आलं." तो बूट घालता घालता हसला. "अगं, आमच्या घराण्याला यंत्रात यश नाहीच. दुकानाचं साधं कुलूप, पण अप्पा रोज सकाळी त्याच्याशी कुस्ती खेळायचे. सगळी चाटी गल्ली बघायची."

चाटी गल्लीतले ते कापडाचे दुकान आता नव्हते. सासरे सिद्रामप्पा, ज्यांना घरात सारे अप्पा म्हणत, दुकान विकल्यापासून देवघराच्या भिंतीला टेकून बसत. ते फारसे बोलत नसत. बोलायच्या त्या सासूबाई, सावित्रम्मा. त्यांना घरात अव्वा म्हणत, आणि त्यांचे बोलणे म्हणजे अडकित्त्यात धरलेली सुपारी.

"घरात बसून नोकरी," नेमणुकीचे कळताच त्या म्हणाल्या होत्या, "म्हंजे ना घर, ना नोकरी."

त्या वाक्याचा काटा दानेश्वरीच्या मनातून निघाला नव्हता. म्हणूनच एका सकाळी, ती अंघोळ करून आली तेव्हा, अव्वांना टेबलावर वाकलेले पाहून तिचे पाऊल थबकले. अव्वांचा हात लॅपटॉपच्या डाव्या कडेशी होता. चाहूल लागताच तो पदराआड गेला.

"काय पाहिजे होतं, अव्वा?"

"काय न्हाय. धूळ."

आणि त्या निघून गेल्या. अव्वा कधी एका शब्दात बोलत नसत. त्या दुपारी दिवा तीनदा गेला.

नव्या पेठेतल्या एका बोळात जोतिरामचे दुरुस्तीचे दुकान होते. सांगोल्याकडचा माणूस, हाताइतकीच जीभही चालू. पहिल्या खेपेला त्याने ब्रशने छिद्र झाडले, फुंकर मारली आणि यंत्र परत दिले. "सोलापूरची धूळ हाय ताई. हिला औषध न्हाय." त्यानंतर आठवडाभर दिवा एखाद्या व्रतस्थासारखा तेवत राहिला होता. मग पुन्हा तेच. म्हणून सोमवारी ती दुसऱ्यांदा गेली. या खेपेला त्याने विजेरी लावून, डोळा बारीक करून आत पाहिले; सुईच्या टोकाने थोडे खरवडून कागदावर काढले आणि कागद तिच्यापुढे सरकवला.

"ही धूळ न्हाय ताई."

"मग?"

"राख हाय. दाबून बसलीय. धूळ उडून येती, राख कुणीतरी आणावी लागती." आवाज खाली आणत तो पुढे झुकला. "आमच्याकडं मेंढरांच्या वाड्यात कुणी असली राख टाकली की मेंढरं चाऱ्याला तोंड लावत न्हाईत. तुमचं यंत्रबी खाईना झालंय की! घरात कुणाला तुमचं काम बघवत न्हाय का?"

"काहीतरीच काय बोलता!" ती म्हणाली. पण कागदाची पुडी तिने पर्समध्ये ठेवली.

रिक्षात बसल्यावर तिने ती उघडली. चिमूट बोटांत चोळली. मऊ, थंड, किंचित चिकटणारी. आणि नाकाशी नेताच ओळखीचा वास आला. देवघरातल्या पितळी डबीचा. ही विभूती होती. रोज सकाळी अंघोळीनंतर घरातला प्रत्येक जण कपाळावर जिचे तीन पट्टे ओढतो, ती. तिच्याही कपाळावर या क्षणी तीच होती. ज्या गोष्टीवर घरातल्या साऱ्यांची बोटे उमटतात तिच्यावरून एकाचे बोट कसे ओळखावे? पण दानेश्वरीला ओळखायचे नव्हतेच. तिला फक्त खात्री करून घ्यायची होती. पदराआड गेलेला तो हात तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

घरी आल्यावर तिने पुडी स्वयंपाकघराच्या ओट्यावर, ज्वारीच्या भाकरी थापणाऱ्या अव्वांच्या समोर, उलगडून ठेवली.

"हे माझ्या लॅपटॉपमधून निघालं."

अव्वांनी पाहिले. हाताखालची भाकरी एका जागी फिरत राहिली.

"मग?"

"विभूती आहे, अव्वा. आत ठासून भरलेली. तुम्हीच सकाळी त्याच्याशी..." पुढचे शब्द तिला जड गेले, पण निघाले. "माझी नोकरी तुम्हाला नको असेल तर तोंडानं सांगा. हे असलं काही नको."

भाकरी तव्यावर पडली. अव्वांनी पीठ भरलेले हात झाडले आणि सुनेकडे वळून पाहिले. त्या नजरेत राग असता तर दानेश्वरीला सोपे गेले असते. तिथे काहीतरी मोजून मापून गिळल्यासारखे होते.

"करणी म्हणतीस व्हय, दानव्वा?"

"मी तसं म्हटलं नाही."

"म्हटलंस की. मला करणी करायला तुझं यंत्र कशाला लागतंय गं? माझं तोंड हाय की!"

एरवी या वाक्यावर घर हसले असते. आज अव्वाही हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवी भरली. अक्कलकोटला धाकटी बहीण शांतम्मा राहते, तिच्या नातवाचे बारसे आहे, असे त्यांनी देवघराच्या दिशेने, अप्पांना उद्देशून, मोठ्याने सांगितले. जाताना सुनेला एवढेच म्हणाल्या, "आता नीट चालंल बघ तुझं."

चालले नाही. दानेश्वरीला हेच कळेना. संशयिताला घराबाहेर काढल्यावर गुन्हा थांबायला हवा होता. इथे तो सोकावला. सोमवारी जोतिरामने स्वच्छ करून दिलेले यंत्र बुधवारी दुपारीच कुरकुरू लागले. गुरुवारी तर पिन कशीही धरली तरी दिवा उघडझाप करी, आणि रंगीत तालमीच्या मध्यावर, 'घर्षण' हा शब्द तिच्या तोंडात असतानाच, पडदा गेला. मोबाइलवर रुपालीचा संदेश आला: "उद्या अकरा वाजता. प्लीज." त्या एका 'प्लीज'मध्ये निरोप घेण्याची तयारी होती.

अव्वा अक्कलकोटला. नंदीश मंगळवारपासून नातेपुत्याला. यंत्राचा दोष शोधताना ती जशी एकेक शक्यता बाजूला ठेवत गेली होती, तशीच आता माणसेही बाजूला पडत गेली होती. आणि उरलेल्या एका नावापाशी तिचे मन अडखळत होते, कारण ते नाव तिने मोजलेच नव्हते. भिंतीला टेकलेल्या माणसाला आपण भिंतीतच धरतो.

अप्पा? ज्यांनी तिच्या नोकरीबद्दल बरे-वाईट एक अक्षर उच्चारले नव्हते? पण मौनाचेही दोन अर्थ असतात. दुकान गेलेला माणूस, आणि त्याच्याच घराच्या खिडकीशी रोज सकाळी आपले दुकान मांडून बसणारी सून. आपल्याला दिसला तो शांतपणा होता, की दुसरेच काही? त्या संध्याकाळी तिने अप्पांना ताट वाढले तेव्हा त्यांच्या बोटांकडे पाहिले. नखांच्या कडांना पांढरी रेघ होती. तिने नजर वळवली. आणि त्यांनीही वळवली, असे तिला वाटले.

तिने यंत्र पुन्हा एकदा झाडून पुसून घेतले आणि नेहमीसारखा चार्जर काढून ते टेबलावर ठेवले. रात्री भिंतीत काही खोचलेले राहू द्यायचे नाही, हा अव्वांचा नियम होता.

शुक्रवारी उजाडायच्या सुमारास ती स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती. आपल्याच घरात चोरासारखे उभे राहण्याची लाज वाटत होती, तरी ती हलली नाही. अप्पांची अंघोळ झाली. देवघरापुढे बसून त्यांनी गळ्यातले इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतले. त्यांची पूजा रोजच्यासारखी, पाणी झिरपावे तशी, आवाज न करता चालली. मग लिंग पुन्हा गळ्यात गेले. आता ते उठून नेहमीच्या जागी टेकतील, असे तिला वाटले. ते उठले, ओलसर बोटे विभूतीच्या गोळ्यावर घासली आणि टेबलाकडे आले.

त्यांनी लॅपटॉप कडेवर उभा केला, लेकराची हनुवटी वर करावी तसा. छिद्र वर आले. त्यावरून तीन बोटे आडवी फिरली. तेवढ्याने समाधान झाले नसावे, कारण मग त्यांनी अंगठा टेकवला आणि हलकेच दाबला. नंतर यंत्र आडवे ठेवून त्याला हात जोडले.

"अप्पा, काय करताय?"

ते दचकले नाहीत. "उठलीस व्हय, दानम्मा? आज तुझं मोठं काम की."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"भिंतीला कान असतात म्हणतात. मी तर भिंतीला टेकूनच बसतोय."

तिच्या ओठांशी आलेला जाब तिथेच घुटमळला. "पण त्या छिद्राला कशाला लावता?"

प्रश्नच समजला नाही अशा चेहऱ्याने ते तिच्याकडे पाहत राहिले. "मग कशाला लावायची? दुकानात कुलपाला लावत होतो. रोज, किल्ली घालायच्या आधी. दुकानाचं तोंड ते. तुझ्या ह्याचं तोंड हे. हितनंच खातंय, हितंच दिवा लागतोय. नंद्याच्या गाडीलाबी लावली असती, पण ती पहाटेच पळती." ते थोडे थांबले. इतके बोलायची सवय मोडली होती. "जे घराला खायला घालतंय त्याला आधी लावायची, मग आपल्या कपाळाला. माझा बाप गजाला लावायचा, कापड मोजायच्या. आता गज गेला, कुलूप गेलं. तुझं हे हाय म्हणून बरं. सकाळी हाताला काम ऱ्हातंय."

दानेश्वरीने लॅपटॉपच्या कडेकडे पाहिले.

"तुझं ते मधी बंद पडतंय नव्हं?" अप्पा आवाज उतरवून म्हणाले, जणू यंत्राला ऐकू जाऊ नये. "म्हणून ज्या दिवशी बंद पडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी जरा जास्त लावतो. आज आणिकच जास्त लावलीय. काळजी करू नको."

आणि ते चपला घालून फेरफटक्याला निघून गेले.

ती टेबलाशी उभी राहिली. कडेवर तीन फिकट रेघा होत्या, इतक्या फिकट की रोज सकाळी ओढणीच्या टोकाने पुसताना तिने त्यांना धूळच समजले होते. तिला रडू येत होते आणि संतापही. दिवा गेला की राख वाढत होती. राख वाढली की दिवा जात होता. या फेऱ्यात तिची नोकरी दळली जात होती, आणि जाते फिरवणारा हात आशीर्वादाचा होता. 'अप्पा, तुमच्यामुळेच' हे दोन शब्द हाक मारून जिन्यात पोचवता आले असते. तिने दाराकडे पाहिले. मग दाराला कडी घातली, यंत्र पूर्ण बंद केले आणि लाकडी दातकोरणे घेऊन बसली.

आत राख खडूसारखी घट्ट बसली होती. टोकाने ती उकरावी लागली, धातूच्या बारीक पट्टीला धक्का न लावता, कण कण. मग कोरड्या ब्रशने झाडावी लागली. बशीत एवढीशी पांढरी ढिगुळी जमली. ती फेकायला तिचा हात होईना. तिने ती तुळशीच्या कुंडीत घातली.

पिन पूर्वी अर्धवटच शिरत होती, हे तिला आता कळले. या वेळी ती खट्‌ करून आत गेली. दिवा लागला.

अकराला बैठक सुरू झाली. धडा घर्षणाचा. दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासले की काय होते, वंगणाने काय होते, हे ती समजावत होती. आणि तिची नजर चोरून त्या मोहरीएवढ्या ठिपक्याकडे जात होती. आता जाईल. या वाक्याला जाईल. पुढच्या चित्राला जाईल. दिवा स्थिर होता, आणि त्याचा तो स्थिरपणाच तिला ढोंगी वाटत होता. धडा संपला, कुणीतरी प्रश्न विचारला, तिने उत्तर दिले, पलीकडे चार चेहरे हलले. हे सारे तिला नंतर आठवून जुळवावे लागले.

दुपारी रुपालीचा फोन आला. "झालं गं! पक्की झालीस. आणि आज एकदाही गेली नाहीस!"

तिने फोन ठेवला तेव्हा भिंतीशी टेकलेले अप्पा तिच्याकडे पाहत होते. तिने मान हलवली.

"बघ," ते म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी त्यांचे दात दिसले. "म्हटलं नव्हतं? आज जास्त लावली होती."

गॅलरीत जाऊन, दार ओढून घेऊन, तिने अक्कलकोटला फोन लावला.

"कोण? सूनबाई?" अव्वांचा आवाज कोरडा होता. "करणी करणाऱ्या बाईला कशाला फोन?"

"अव्वा, मी चुकले."

पलीकडे बाळ रडत होते, कुणीतरी पाळणा हलवत होते.

"आज पहाटे बघितलं मी. अप्पा लावतात."

"अस्सं. दिसलं म्हण शेवटी."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला कसं माहीत नसंल गं? मी पुसत होते की रोज, तू न्हात असताना. वरवरचं जेवढं पुसायचं तेवढं पुसलं. त्या भोकात माझा पदर जातोय व्हय?"

म्हणून त्या गेल्यावर बिघाड वाढला होता. दानेश्वरीने गॅलरीचा कठडा धरला. "मग मी ती पुडी समोर ठेवली तेव्हा का नाही सांगितलंत? मी काय काय बोलले तुम्हाला!"

"सांगितलं असतं तर तू त्यांना विचारलं असतंस." अव्वांचा आवाज जरा खाली आला. "दुकान गेल्यापासनं त्या माणसाला कुणी काय विचारत न्हाय, दानव्वा. कापडाचा भाव न्हाय, घरातला सल्ला न्हाय. आणि पहिला सवाल हा? की तुमी माझं यंत्र का बिघडवलं?"

दानेश्वरीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि कुलपाचं सांगू का? जलमभर त्या कुलपात विभूती घातली त्यांनी. किल्ली फिरंल कशी? मी दुपारी डबा घेऊन जायचे, ते जेवायला बसले की तेलाची धार सोडायचे आत. त्यांना वाटायचं विभूतीनं चालतंय."

"कधीच सांगितलं नाहीत?"

"काय सांगायचं? त्यांचा देव, माझं तेल. दुकान चाललं की!" मग क्षणभर थांबून, संशयाने, "तू सांगितलंस काय त्यांना?"

"नाही."

फोनमध्ये एक मोठा श्वास ऐकू आला. "रविवारच्या यष्टीनं येते. तेवढ्यात यंत्रात तेल घालून बघू नको म्हंजे झालं."

शनिवारी दानेश्वरी जोतिरामकडे जाऊन छिद्राला बसणारे एक रबरी बूच घेऊन आली. "सापडली का करणी करणारी?" त्याने उत्सुकतेने विचारले. "धूळच होती," ती म्हणाली. त्याचा विश्वास बसला नाही, हे तिला दिसले. रात्री चार्जर काढल्यावर तिने बूच लावून ठेवले.

रविवारी अव्वा आल्या तेव्हा अप्पांची पूजा आटोपली होती. पिशवी खाली ठेवायच्या आधी त्या टेबलाशी वाकल्या. नखाएवढ्या त्या काळ्या बुचावर तीन पांढऱ्या रेघा दाटीवाटीने बसल्या होत्या. पदराचे टोक सवयीने पुढे झाले आणि थांबले. अव्वांनी मान वळवून सुनेकडे पाहिले.

"राहू दे, अव्वा," दानेश्वरी हळूच म्हणाली.

"काय राहू दे?" भिंतीकडून अप्पांचा आवाज आला.

"काय न्हाय," अव्वा म्हणाल्या. "धूळ."

दानेश्वरीने बूच काढून रेघा वर येतील असे टेबलावर ठेवले आणि पिन लावली. दिवा लागला. ती थोडा वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. सवय इतक्यात जाणार नव्हती.